हजेरी आणि आरोळी : अनेक संवेदक, एक टॅब्लेट आणि बंगळूरुची पन्नास वर्षे

समजा, एका रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात वीस बाळे आहेत. प्रत्येक बाळाच्या पोटाभोवती मऊ पट्टा, पट्ट्यात नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा तापमान-संवेदक आणि परिचारिकेच्या टेबलावर एकच टॅब्लेट. पडद्यावर वीस चौकोन, प्रत्येकात एक आकडा. सातव्या चौकोनात दहा मिनिटांपासून ३६.८ हा आकडा स्थिर आहे. बाळाचे तापमान खरोखरच स्थिर आहे, की सातवा संवेदक दहा मिनिटांपूर्वीच मुका झाला आणि पडदा त्याचा अखेरचा शब्द धरून बसला आहे?

अनेक लहान उपकरणे एका मोठ्या उपकरणाला बिनतारी जोडायची म्हटली की विद्यार्थ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो संख्येचा : किती जोडता येतील? सात, वीस की शंभर? तो प्रश्न रास्त आहे; पण त्याच्या आत दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला आहे. एकच कान अनेकांचे ऐकत असताना, एखाद्याच्या शांततेचा अर्थ काय लावायचा? या प्रश्नाचा इतिहास ब्लूटूथपेक्षा बराच जुना आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने बंगळूरुत लिहिली गेली आहेत.

१. पीण्यातील शेड आणि आकाशातील हजेरी

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. ३६० किलो वजनाचा आणि २६ पृष्ठांचा हा उपग्रह बंगळूरुच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये, प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने घडवला होता. साधने इतकी तुटपुंजी होती, की बंगळूरुत उपग्रहाची माहिती ग्रहण करण्याचे केंद्र एका स्वच्छतागृहाचे रूपांतर करून उभारले गेले. ही आठवण आज कौतुकाने सांगितली जाते. त्या खोलीत नेमके काय ऐकले जात होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

उपग्रहात बोलणारे अनेक असतात. बॅटरीचे तापमान, सौरघटांचा विद्युतदाब, फिरण्याचा वेग, प्रयोगांची मापने अशा साऱ्यांना आपापले सांगायचे असते आणि जमिनीकडे जाणारी रेडिओवाट मात्र मोजकीच असते. यावरचा उपाय तारायंत्राच्या काळापासून ठाऊक होता. १८७० च्या दशकात फ्रान्समधील एमिल बोदो यांनी एकाच तारेवर अनेक तारमास्तरांचे संदेश पाठवण्यासाठी फिरता वितरक वापरला. वितरकाचा हात फिरत राही आणि तार क्षणभर एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या स्वाधीन होई. 'बॉड' या एककात बोदो यांचे नाव आजही जिवंत आहे. उपग्रहाच्या दूरमापनातही तत्त्व तेच. माहितीची एक ठरावीक चौकट, तिच्यात क्रमाने घरे आणि प्रत्येक मापकाचे घर पक्के. चौकट संपली की पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात.

ही वर्गातल्या हजेरीसारखी पद्धत आहे. गुरुजी क्रमांक पुकारतात, विद्यार्थी 'हजर' म्हणतो. हजेरीचा मोठा गुण असा, की तिच्यात गैरहजेरीही कळते. चौदावे घर रिकामे आले किंवा त्यातला आकडा अशक्य वाटला, तर जमिनीवरच्या अभियंत्याला नेमके कुठे पाहायचे ते समजते. चौथ्या-पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे आर्यभटावरील प्रयोग थांबले. हे दुखणे शेकडो किलोमीटर खालून ओळखायचे, तर दूरमापनाच्या चौकटींखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता.

हजेरीची किंमतही आहे. सर्वांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, बोलणाऱ्यांची यादी आधी ठाऊक असावी लागते आणि ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही त्याचीही जागा राखून ठेवावी लागते.

२. हवाई बेटांवरील आरोळी

आर्यभटाच्या चार वर्षे आधी, १९७१ मध्ये, प्रशांत महासागरातील हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी उलट मार्ग चोखाळला. वेगवेगळ्या बेटांवरील टर्मिनले एका मध्यवर्ती संगणकाला रेडिओने जोडायची होती. त्यांनी क्रम लावलाच नाही. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकाच वेळी बोलून संदेश एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकाने थोडा मनमानी वेळ थांबून पुन्हा बोलावे. या जाळ्याचे नाव 'अलोहानेट'.

ही बाजारातली आरोळी झाली. भाजीवाला कोणाची परवानगी न घेता ओरडतो. दोन आरोळ्या मिसळल्या तर थोड्या वेळाने पुन्हा ओरडतो. अब्रॅमसन यांचे गणित सांगते, की अशा मोकाट पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सार्थकी लागतो. बोलण्याच्या आरंभाचे क्षण ठरवून दिले, तर हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होते. आकडा लहान वाटतो. पण बोलणारे क्वचित आणि थोडके बोलत असतील, तर यापेक्षा सोपी व्यवस्था नाही. यादी नको, घड्याळे जुळवणे नको.

आरोळीत एक उणीव मात्र राहतेच. भाजीवाला आज आला नाही, हे रस्त्याला कळत नाही. आरोळी न येणे ही बातमी ठरत नाही.

पुढची पन्नास वर्षे बिनतारी संवेदकांचे सारे शास्त्र या दोन टोकांमध्येच हेलकावत राहिले.

३. पावगडची कोरडवाहू माती

उपग्रहातील संवेदक एका चौकटीत, एकाच विजेवर आणि एकाच घड्याळावर चालतात. शेतात पसरलेल्या संवेदकांना हे भाग्य नसते. बंगळूरुतील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये स्विस सहकार्याने इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन अँड टेक्नॉलॉजी केंद्र सुरू झाले. या केंद्राने २००४ च्या सुमारास लोझानच्या स्विस तंत्रसंस्थेच्या साथीने 'कॉमन-सेन्स नेट' हा प्रकल्प हाती घेतला. स्थळ होते तुमकूर जिल्ह्याच्या पावगड तालुक्यातील चेन्नकेशवपुरा. जवळजवळ सर्व बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला हा दुष्काळी तालुका. पावसावर अवलंबून असलेले भुईमुगाचे पीक. आणि अल्पभूधारक शेतकरी.

या प्रकल्पाची उल्लेखनीय गोष्ट ही, की संशोधकांनी आधी शेतकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे हे विचारले आणि मग मातीतील ओलावा व हवामान मोजणाऱ्या बिनतारी संवेदकांचे जाळे आखले. मराठवाड्यातील किंवा सोलापूरच्या वाचकाला त्यातले मर्म सांगायला नको : दोन पावसांमधल्या उघडिपीत जमिनीत किती ओल उरली आहे, यावर साऱ्या हंगामाचे गणित फिरते.

अशा जाळ्यांत एक नवाच पेच उभा राहतो. वावरातील संवेदकाला वीजवाहिनी नाही. रेडिओ चालू ठेवून तो सतत ऐकत बसला तर बॅटरी काही दिवसांत संपते. रेडिओ बंद ठेवला तर त्याला कोणी हाक मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून संवेदकाने बहुतेक वेळ झोपावे आणि ठरावीक वेळी जागे होऊन बोलावे, हा नियम आला. पण मग शांततेला तीन अर्थ प्राप्त झाले : तो झोपला आहे, त्याचा आवाज पोचत नाही, किंवा तो मेला आहे. बंगळूरुत बसलेल्या माणसाला या तिन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात.

बिनतारी प्रयोगांना भारतात कायद्याचीही चौकट होती. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार रेडिओ उपकरण बाळगायलाच परवाना लागे. २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ठरावीक शक्तीपर्यंतच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. तो पट्टा मोकळा झाला नसता, तर पुढची कथा आपल्या देशात प्रयोगशाळेबाहेर पडणे अवघड होते.

४. झोपाळू रेडिओचा जन्म

याच सुमारास फिनलंडमधील नोकिया कंपनीत २००१ पासून एका अल्पशक्ती रेडिओवर काम सुरू होते. २००६ मध्ये तो 'वायब्री' या नावाने जाहीर झाला, पुढच्या वर्षी ब्लूटूथच्या संघटनेत विलीन झाला आणि २०१० च्या ब्लूटूथ ४.० या मानकात 'ब्लूटूथ लो एनर्जी' म्हणून अवतरला. २०११ मध्ये आयफोन ४एस आणि २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ यांनी त्याला आधार दिला; मग टॅब्लेट आणि फोन हे संवेदकांचे स्वाभाविक श्रोते झाले.

जुन्या ब्लूटूथमध्ये सक्रिय सोबत्याचा पत्ता तीन बिटांचा होता. तीन बिटांतून आठ पत्ते मिळतात. त्यांपैकी एक सर्वांसाठीच्या घोषणेला राखलेला. म्हणून एका मुख्य उपकरणाला सात सोबती, ही मर्यादा मानकातच कोरलेली होती. लो एनर्जीत प्रत्येक जोडणीला ३२ बिटांची स्वतंत्र ओळख मिळाली आणि मानकातील ती भिंत गेली. तरीही अनेक टॅब्लेट काही मोजक्या जोडण्यांनंतर नकार देतात, कारण भिंत आता रेडिओ चिपच्या स्मृतीत आणि प्रणालीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

या रेडिओचे खरे वैशिष्ट्य झोपेत आहे. नाण्याच्या आकाराच्या सीआर२०३२ बॅटरीत साधारण २२० मिलिअँपिअर-तास विद्युतभार असतो. रेडिओ सतत ऐकत राहून १८ मिलिअँपिअर खात असेल, तर कागदावर बॅटरी बारा तासांत संपते. बहुतेक वेळ झोपून सरासरी खप १० मायक्रोअँपिअरवर आणला, तर तीच बॅटरी २२,००० तास, म्हणजे सुमारे अडीच वर्षे पुरते. बारा तास आणि अडीच वर्षे यांमधला फरक निव्वळ झोपेच्या शिस्तीचा आहे.

५. वीस संवेदकांचे गणित

लो एनर्जीने हजेरी आणि आरोळी या दोन्ही पद्धती एकाच चिपमध्ये आणल्या.

आरोळी म्हणजे 'ॲडव्हर्टायझिंग'. संवेदक ठरावीक अंतराने तीन राखीव वाहिन्यांवर छोटा संदेश उच्चारतो आणि झोपी जातो. ब्लूटूथ ४.० मध्ये या संदेशात ३१ बाइट माहिती मावते. पूर्ण भरलेला संदेश ३७६ मायक्रोसेकंदांत संपतो. दर खेपेला अंतरात शून्य ते दहा मिलिसेकंदांची यादृच्छिक भर घातली जाते, म्हणजे दोन संवेदक एकदा आदळले तरी पुन्हापुन्हा आदळू नयेत. अब्रॅमसन यांचा मनमानी थांबा तो हाच.

वीस संवेदक दर सेकंदाला एकेक आरोळी देत असतील, तर एका वाहिनीवर आपला संदेश दुसऱ्या कोणावर आदळण्याची शक्यता काढता येते : ३७६ मायक्रोसेकंदांची दुप्पट, गुणिले उरलेले १९, म्हणजे सुमारे १४ मिलिसेकंद, अर्थात १.४ टक्के. पन्नास संवेदकांना हाच आकडा ३.७ टक्क्यांच्या आसपास जातो. हवा इतकी मोकळी असते.

हजेरी म्हणजे 'कनेक्शन'. इथे टॅब्लेट प्रत्येक संवेदकाशी भेटीची वेळ ठरवतो : दर ७.५ मिलिसेकंदांपासून दर ४ सेकंदांपर्यंत कितीही. ठरल्या क्षणी टॅब्लेट आधी बोलतो, संवेदक उत्तर देतो, दोघे पुन्हा आपापल्या मार्गाला. एका भेटीला अडीच मिलिसेकंद धरले आणि वीस जणांना सेकंदाला एकेकदा भेटायचे म्हटले, तर एकूण ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे वेळेचा केवळ पाच टक्के भाग.

मग अडचण कुठे येते? पंगतीत पाने वीस असोत, वाढपी एकच असला तरी वाढून होते. पण तोच वाढपी मध्येच पाणी आणायला गेला की पंक्ती खोळंबते. टॅब्लेटचा ब्लूटूथ रेडिओ बहुधा वाय-फायसोबत एकच ॲन्टेना वाटून घेतो आणि दोघेही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वाय-फायवर मोठी फाइल चढत असेल तर हजेरीच्या वेळा चुकतात. दुसरी अडचण घड्याळांची. झोपेत चालणाऱ्या स्वस्त घड्याळात दहा लाखात पाचशे भागांपर्यंत चूक मानकाला मान्य आहे. चार सेकंदांच्या झोपेत ती २ मिलिसेकंद होते. म्हणून संवेदकाला तेवढे आधी उठून कान लावावा लागतो. भेटी जितक्या विरळ, तितका आधीचा जागर मोठा. तिसरी अडचण नव्या जोडणीची. एखादा संवेदक तुटून पुन्हा जोडला जात असताना टॅब्लेटला त्याची आरोळी शोधावी लागते आणि तेवढा वेळ बाकीच्यांच्या हजेरीतून कापला जातो. पाच एकदम तुटले तर गोंधळ वाढतच जातो.

६. आईच्या कुशीतला रेडिओ

आता सुरुवातीच्या कक्षाकडे परत येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ती अल्पतापावस्था. कमी वजनाच्या बाळाला ती जिवावर बेतू शकते आणि तिची चाहूल अनेकदा निव्वळ स्पर्शाने लागत नाही. भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. भारद्वाज अमृतूर यांच्या गटाने बंगळूरुच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांसह नवजात बाळाच्या अंगावर घालायचे तापमान-उपकरण विकसित केले आणि २०१४ मध्ये त्याची रचना शोधनिबंधातून मांडली. संवेदकापासून जवळच्या ग्राहक-उपकरणापर्यंतचा दुवा होता ब्लूटूथ लो एनर्जी. मानक येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

इथे भौतिकशास्त्र एक कठोर धडा शिकवते. कमी वजनाच्या बाळांना ऊब देण्याचा सिद्ध मार्ग म्हणजे 'कांगारू मदर केअर' : बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवणे. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात, इन्क्युबेटरच्या टंचाईतून जन्मली. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. म्हणजे बाळ आईच्या कुशीत सर्वांत सुरक्षित असते तेव्हाच त्याचा संवेदक दोन शरीरांमध्ये दबलेला असतो आणि त्याचा आवाज सर्वांत क्षीण पोचतो.

आता वरचे १.४ टक्क्यांचे गणित पुन्हा पाहा. यादृच्छिक टकरीत सलग तीन संदेश हरवण्याची शक्यता नगण्य असते, कारण प्रत्येक टक्कर स्वतंत्र असते. आईच्या शरीराआड हरवणारे संदेश स्वतंत्र नसतात. ते सलग दहा मिनिटे हरवतात. गणित चुकलेले नसते. त्याचे गृहीतक त्या खोलीतले नसते.

म्हणून जोडणी तुटली असे कधी मानायचे, हा आकडा केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही. लो एनर्जीत ही मुदत १०० मिलिसेकंद ते ३२ सेकंद अशी ठेवता येते. फार लहान ठेवली तर आईने कूस बदलताच गजर वाजेल. दिवसभर खोटे गजर ऐकणारी परिचारिका अखेर खरा गजरही दुर्लक्षित करील. मुदत मोठी ठेवली आणि पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहिला, तर गजर कधीच वाजणार नाही. योग्य मुदत शोधायची, तर बाळाचे तापमान किती वेळात किती उतरते हे आधी डॉक्टरांना विचारावे लागते.

७. वर्तुळ पूर्ण होते

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लूटूथ ५.४ या मानकात एक नवी पद्धत आली. मुख्य उपकरण ठरावीक काळाने घोषणा करते, घोषणेतच प्रत्येक सोबत्याला उत्तराची राखीव वेळ नेमून दिलेली असते आणि सोबती आपल्या घरापुरताच जागा होतो. १२८ गट आणि प्रत्येक गटात २५५ पत्ते, म्हणजे ३२,६४० उपकरणांना कागदावर एकाच केंद्राशी बोलता येते. ही पद्धत मुख्यतः दुकानांतील किमतीच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांसाठी घडली. तिची आकृती मात्र ओळखीची आहे : चौकट, क्रमाने घरे आणि प्रत्येकाचे घर पक्के. बोदो यांचा फिरता हात आणि पीण्याच्या शेडमध्ये जोडलेले दूरमापन, दोन्ही तिच्यात सापडतात.

उपग्रहाच्या त्या चौकटीत रिकामे घरही वाचले जात असे. आज संवेदक शेकडो पटींनी स्वस्त झाले, पडदे रंगीत झाले. पण रिकामे घर दाखवायला मात्र अनेक रचना विसरतात. म्हणून अशी प्रणाली घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक द्या, म्हणजे किती हरवले ते मोजता येईल. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती जुना आहे हे दाखवा. आणि ठरलेल्या मुदतीनंतर आकडा पुसून टाका. रिकामा चौकोन शिळ्या आकड्यापेक्षा अधिक प्रामाणिक असतो.

किती संवेदक जोडता येतील, याचे उत्तर मानकात आणि चिपच्या माहितीपत्रकात मिळेल. सातव्या चौकोनातील ३६.८ आत्ताचे आहे की दहा मिनिटांपूर्वीचे, याचे उत्तर मात्र प्रणाली घडवणाऱ्यालाच द्यावे लागते. आणि परिचारिकेने उठून त्या पाळण्याकडे जायचे की नाही, हे त्याच उत्तरावर ठरते.

#विज्ञान #तंत्रज्ञानाचा_इतिहास #बंगळूरु